तारेला बांधलेल्या कॅमेऱ्याचं गाऱ्हाणं

मी एक जुना कॅमेरा आहे. काळा, खिशात मावेल एवढा, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला. मित्रांनो, जुन्या वस्तू बोलायला लागल्या की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात, असा तुमचा अनुभव असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला संताप आलेला आहे, आणि तो बरीच वर्षं आतल्या आत मुरलेला आहे. आज सगळा बाहेर काढतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे धुळीच्या कणालाही आत यायची परवानगी नव्हती. कामगार डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या कपड्यांत, नुसते डोळे तेवढे उघडे. एका बाईंनी माझं भिंग बसवलं आणि सवयीनं त्यावर फुंकर मारायला गाल फुगवले. मग नियम आठवून ती फुंकर तशीच गिळली. मी जगात पहिलं काय पाहिलं असेल तर ते फुगलेले गाल. पुढे मला एका खोक्यात निजवलं. खोक्यावर बर्फाचा डोंगर होता, पाण्याबाहेर उसळलेला मासा होता, खिदळणारं बाळ होतं. मला वाटलं, ही सगळी मंडळी बाहेर माझ्यासाठी ताटकळत उभी आहेत.

खोकं उघडलं ते एका दुकानाच्या काउंटरवर. दुकानाच्या मालकीणबाईंनी माझ्या कमरेला एक वेटोळ्यांची तार बांधली, तिचं दुसरं टोक लाकडात स्क्रूनं आवळलं आणि पुढ्यात पाटी ठेवली : ‘नमुना. हाताळून बघा.’

झालं. डोंगर गेला, मासा गेला, बाळही गेलं. विकले जायचे ते खोक्यातले माझे भाऊ. माझ्या नशिबी फक्त हाताळणं. आणि लोकांनी हाताळलं म्हणजे किती! माझ्यावर इतकी बोटं उमटली की पोलिसांनी मला तपासायला नेलं असतं, तर अर्धं शहर आत गेलं असतं. झूम करून करून माझं नाक झिजलं. लहान मुलं मला कानाला लावून ‘हॅलो’ म्हणायची.

त्यातून माझ्या शेजारी होता चंदेरी. दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या तारेला बांधलेला. त्याचं नाक माझ्या दुप्पट लांब. रस्त्यापलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सदऱ्याची बटणं तो मोजून दाखवायचा. पण एक खोड होती बेट्याला. बटण दाबलं की तो लगेच फोटो काढत नसे. आधी खाकरल्यासारखा आवाज करी, मग नाक पुढे-मागे करी, मग विचार करी, आणि मग ‘टिक’. तेवढ्यात समोरचं मांजर उडी मारून, दूध पिऊन, मिशा पुसत परत आलेलं असायचं. मी मात्र बटणावर बोट पडताच फोटो काढून मोकळा! पण ही गोष्ट कुणी तपासतच नसे. दुकानात लोक कशाचा फोटो काढून बघतात? समोरच्या भिंतीचा. भिंत काही हलत नाही.

अशात एक दिवस शेडवाले आले.

त्यांचं खरं नाव मला कधीच कळलं नाही. ते रंगाच्या कारखान्यात छटा जुळवायचे, म्हणून मालकीणबाई त्यांना शेडवाले म्हणायच्या, अर्थात पाठीमागे. तुम्हाआम्हाला जो एकच पांढरा दिसतो, त्यात या गृहस्थांना सायीचा, मोतिया, हस्तिदंती, खडूचा असे पन्नास पांढरे दिसत. खिशात कायम छटांचं लांबलचक कार्ड. सोबत त्यांची आई. आई ठेंगणी, चटपटीत, आणि वरचे पुढचे दोन दात एकमेकांच्या गळ्यात गळा घातल्यासारखे वाकडे.

“मावशी, बसा,” म्हणून मालकीणबाईंनी त्यांना स्टूल दिलं. बसल्या बसल्या आईंनी सगळं सांगून टाकलं.

“अगं, माझे सगळे दात हलायला लागलेत. डॉक्टर काढून टाकणार आणि नवी सरळ कवळी बसवणार. त्याआधी मला या दातांनिशी हसतानाचा एक फोटो हवाय. जन्मभर जो फोटो काढला त्यात मला सांगितलं, तोंड मीट! लग्नातसुद्धा मी ओठ शिवल्यासारखी उभी आहे.”

“मग स्टुडिओत काढून घ्यायचा, मावशी.”

“मी तेच म्हणत होते. हा म्हणाला, एका फोटोसाठी स्टुडिओ कशाला, चांगला कॅमेराच घेऊ, घरी हवं तेवढं हस. आणि मला एकटीसाठी नकोय गं तो. नातीचे दात अगदी माझ्यावर गेलेत. पोर तोंडावर हात धरून हसते. आता तर हसायचंच टाळते. तिला दाखवायचंय, की बघ, हे दात घेऊन आजी कशी हसायची ते.”

ऐकून माझं भिंग ओलं झालं. दमट हवेनं झालं असेल म्हणा, पण झालं. मी मनाशी म्हटलं, काळ्या, खोक्यावरच्या बाळापेक्षा हे हसू भारी आहे. आता याचा फोटो काढायचाच.

पण शेडवाले मध्ये होते ना!

त्यांनी खिशातून ते कार्ड काढलं. “आई, हे तोंडापाशी धर. कुठल्या कॅमेऱ्यात पांढरा खरा येतो ते आधी बघू.”

“अरे, मग दात दिसणार कसे?”

“दात नंतर. आधी पांढरा.”

त्या दिवशी माझ्या पोटात आईंचे डोळे, कपाळ आणि खाली पुठ्ठा, असे ढीगभर फोटो जमले. चंदेरीच्या पोटातही तेच. शेडवाल्यांनी दोन्हीकडचे फोटो डोळे बारीक करून पाहिले, मान हलवली, एकूण एक फोटो पुसले आणि म्हणाले, “आज आभाळ आहे. उजेड खरा नाही. परत येऊ.”

परत आले. ऊन होतं, तर म्हणाले ऊन फार आहे. पुढच्या वेळी दुकानाची ट्यूब निळसर आहे. त्यानंतर आईंच्या साडीचा रंग कार्डावर पडतोय, साडी बदलून या. मित्रांनो, पांढऱ्या पुठ्ठ्याचे इतके फोटो काढले मी, की मला स्वप्नंसुद्धा पांढरी पडू लागली. मालकीणबाई तर त्यांना लांबून बघितलं की काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकायच्या. आणि दर खेपेला आईंच्या तोंडात एक दात कमी. ते पुढचे दोघं मात्र गळ्यात गळा घालून तग धरून होते.

“अहो दादा,” मालकीणबाई एकदा न राहवून म्हणाल्या, “दोन्ही चांगले आहेत. डोळे मिटून कुठलाही उचला.”

“डोळे मिटून घेतलेला कॅमेरा काय कामाचा?” शेडवाले म्हणाले.

मग तो दिवस आला. शेडवाल्यांनी अंतर मोजायला टेप आणली होती. टेपचं एक टोक आईंच्या नाकाशी, दुसरं स्वतःच्या मुठीत. म्हणून आम्हा दोघांना मालकीणबाईंनी दोन हातांत एका उंचीवर धरायचं ठरलं.

“आई, हलू नकोस. तुझे दात हस्तिदंतीत बसत नाहीत आणि मोतियातही नाहीत. मधलंच काहीतरी आहे.”

“मग आता काय, कारखान्यात नेतोस का मला?” आई कार्डामागून म्हणाल्या. “दोन हात मार आणि वरून वॉर्निश दे!”

“आणि गळ्यात पाटी घाला, मावशी,” मालकीणबाई म्हणाल्या, “ओला रंग, हात लावू नये!”

आई जी हसायला लागल्या! कार्ड हातातून निसटलं, टेप सटकन गुंडाळली गेली, डोळे मिटले, मान मागे गेली, आणि ते दोन वाकडे दात उजेडात असे आले, जसा नाट्यगृहाचा पडदा उघडावा. मालकीणबाईंची बोटं आम्हा दोघांच्या बटणांवर एकदम पडली. मी फोटो काढला. चंदेरी खाकरला, नाक पुढे-मागे केलं, विचार केला आणि ‘टिक’. त्याला मिळाला तो खाली वाकून कार्ड उचलणाऱ्या आईंचा अंबाडा.

“छे! हललं सगळं,” शेडवाले वैतागले. “ही जोडी बाद.” त्यांनी चंदेरीचा अंबाडा पुसला आणि मला उचललं, माझ्यातला फोटो पुसायला.

मी डोळे मिटले. लोक म्हणतात बॅटरी संपली. म्हणू देत. मी तुम्हाला सांगतो, मी मुद्दाम मेलो. त्यांनी मला हलवलं, थोपटलं, कानाशी धरलं. मी ढिम्म.

“पुढच्या आठवड्यात भरलेल्या बॅटरीवर पुन्हा बघू,” म्हणून ते आईंना घेऊन गेले.

दुकान बंद करताना आमच्या पोटातले गिऱ्हाइकांचे चेहरे पुसून टाकायचे, हा मालकीणबाईंचा रिवाज. त्या संध्याकाळी त्यांनी मला चार्ज केलं, चालू केलं, बोट पुसायच्या बटणावर ठेवलं. आणि ते बोट तिथेच राहिलं. मग त्यांनी हळूच मला बंद केलं.

पुढच्या आठवड्यात शेडवाले आले ते विजयी मुद्रेनं. “ठरलं! चंदेरी. अर्ध्या छटेनं सरस आहे. खोक्यातला नवा काढा.”

मागे आई होत्या. तोंडावर रुमाल. मधेच हिरडी सुजली होती आणि डॉक्टरांनी एकदाच काय ते उरकून टाकलं होतं. नवी कवळी यायला अवकाश होता. रुमाल जरा बाजूला झाला, तर आत नुसता अंधार.

“घे बाबा,” बोळक्या तोंडानं त्या म्हणाल्या. “आता भिंतीचे काढत बस.”

शेडवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातलं कार्ड काढलं, त्याच्याकडे पाहिलं. कुठे ठेवावं तेच त्यांना कळेना.

मालकीणबाईंनी मला चालू केलं आणि माझा पडदा मायलेकांपुढे धरला.

शेडवाल्यांनी पडद्याला नाक लावलं. मग घसा खाकरून म्हणाले, “पांढरा... जरा पिवळट आलाय.”

“अहो दादा!” मालकीणबाई ओरडल्याच.

“पिवळटच होते रे ते,” आई म्हणाल्या. “माझे दात मला माहीत नाहीत का? यानं खरं काढलंय.”

मित्रांनो, इतक्या तुलनांत हे एवढं एकच वाक्य कुणी माझ्या बाजूनं बोललं. मी ते अजून जपून ठेवलंय.

“मग खोक्यातला नवा काळा घेऊ,” शेडवाले म्हणाले. “हा किती हाताळलाय बघ. फोटो त्याच्यात उतरवून घेता येईल.”

“ज्यानं काढला त्यालाच न्यायचं. सोड गं याची तार.”

मालकीणबाईंनी स्क्रू सोडवला. कमरेला तारेचा वळ उठला होता; तो अजून आहे.

घरी नातीनं तो फोटो पाहिला, तेव्हा तिचा हात तोंडावरच होता. “आजी, हे तर माझे दात आहेत!”

“तुझेच. तू येईपर्यंत मी वापरत होते.”

हात खाली आला. मी तयारच होतो.

आता मी म्हातारा झालो. नाक अर्ध्यातच अडकतं, बॅटरी चार्ज धरत नाही. म्हणून शेवटी एवढंच मागतो. घरातल्या जुन्या कॅमेऱ्याला मऊ फडक्यानं पुसा, ओल लागेल तिथे ठेवू नका. नवा घ्यायला गेलात तर तुलना जरूर करा, पण भिंतीचे फोटो काढून नव्हे. आपलं माणूस समोर बसवा, त्याला हसवा, आणि त्याच्या तोंडासमोर काही धरू नका.

हे सांगतोय तोवर शेडवाले आतल्या खोलीत एकेक ड्रॉवर उपसताहेत. दोन फोन पसंत केलेत, त्यांतला एक निवडायचाय आणि छटांचं कार्ड सापडत नाहीये. सापडणारही नाही. आजींनी ते घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलंय. मी इथून बघतोय. बोलणार नाही.