दाराकडची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. खुर्ची म्हटल्यावर मोठ्या माणसांचे डोळे जिच्यासाठी चमकतात, ती मी नव्हे. माझ्यासाठी कुणी निवडणूक लढवली नाही. मी केस कापायच्या दुकानातली साधी, गोल फिरणारी खुर्ची. माझ्यावर बसलेला माणूस पंधरा मिनिटांत उठायचा आणि उठताना आला होता त्यापेक्षा बरा दिसायचा. सगळ्याच खुर्च्यांबद्दल असं सांगता येत नाही.

माझा जन्म ओतकामाच्या एका कारखान्यात झाला. पाय लोखंडाचा, हात लाकडाचे, बैठक जाड तपकिरी चामड्याची आणि मागे मान टेकायला वरखाली सरकणारी उशी. त्याच दिवशी, त्याच साच्यातून माझी जुळी बहीणही निघाली. आम्ही दोघी एकाच गाडीतून पोस्टाशेजारच्या त्या दुकानात आलो. चार-चार स्क्रू मारून आम्हाला फळ्यांच्या जमिनीत पक्कं बसवलं. तिला खिडकीकडे, मला दाराकडे.

दुकान दोन भावांचं होतं. गिऱ्हाइकं त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. माझ्या बहिणीपाशी थोरले उभे राहत, माझ्यापाशी धाकटे. वरच्या मजल्यावर सगळं घर होतं : त्यांची आई, थोरल्यांची बायको आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. धाकट्यांनी लग्न केलं नव्हतं. पुतण्याला खांद्यावर घेऊन गावभर हिंडवणं हाच त्यांचा संसार.

आम्हा दोघींच्या मधोमध भिंतीत एक खिळा होता. त्यावर वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा लटकत असे. वडिलांच्या वेळचा, आणि एकच. "पट्टा दे." "घे." हे दोन शब्द मी दिवसातून पन्नास वेळा ऐकत असे. तेव्हा ते इतके साधे वाटत की माझं लक्षही जात नसे. आज त्या शब्दांसाठी जीव तुटतो.

मग ती निवडणूक आली. ज्यांना आमच्या गावात सगळे नुसतं नेते म्हणत, ते अगदी थोड्या मतांनी देशाचे प्रमुख म्हणून निवडून आले आणि गावाचे उभे दोन तुकडे झाले. निम्मे म्हणत, हा माणूस देश तारील. निम्मे म्हणत, विकून खाईल. थोरल्यांनी नेत्यांचा फोटो आरशाच्या कोपऱ्यात खोचला. धाकट्यांनी आरशाकडे पाठ करून साबणाचा फेस काढायला सुरुवात केली. हळूहळू गिऱ्हाइकंही वाटली गेली. नेत्यांचे लोक खिडकीकडे, विरोधक दाराकडे. मी रिकामी असले आणि बहिणीपाशी चारजण ताटकळत असले, तरी एकही जण माझ्याकडे येत नसे. डोक्यावरचे केस वाढले तरी चालतील, डोक्यातलं सोडायचं नाही, अशी गत.

एकदा परगावचा एक फिरता विक्रेता आला. बिचाऱ्याला आमची रीत काय माहीत! तो दाराजवळची म्हणून माझ्यावर बसला आणि तोंडाला फेस लागल्या लागल्या नेत्यांची स्तुती करू लागला. बाकावरच्या माणसांनी श्वास रोखले. धाकट्यांच्या हातात उघडा वस्तरा होता. त्यांनी ओठ मिटून त्याची दाढी केली, एक ओरखडा उठू दिला नाही. तो गेल्यावर बाकावरचा एकजण म्हणाला, "बिनपाण्यानं करायची होतीत त्याची!"

"मान माझ्या हातात देऊन बसला होता तो," धाकटे म्हणाले. "तिथं पक्ष येत नाही."

अशी दोन-तीन वर्षं गेली आणि युद्ध पेटलं. पुतण्याला मिशी फुटून फार दिवस झाले नव्हते. धाकट्यांनी त्याचे केस सैनिकासारखे बारीक कापले, माझ्यावर बसवून. बापाच्या खुर्चीवर न बसता तो काकाच्या खुर्चीवर बसला, याचा मला गर्व झाला. खोटं कशाला बोलू? त्याला नदीकाठच्या तुकडीत नेमलं.

रोज सकाळी आठला नेते रेडिओवर बोलत. थोरले आवाज वाढवत. धाकटे केरसुणी घेऊन बाहेर पायरीवर जात आणि नसलेला केर काढत बसत. "तुझा तो खोटं बोलतो," ते म्हणत. "आणि तू टाळ्या वाजवतोस. पोरगं तिकडं आहे आपलं, दादा!"

एका सकाळी रेडिओतला आवाज नेहमीसारखा नव्हता. नेते म्हणाले, "काल आपण हरलो. नदीवरच्या पुलाचं पलीकडचं टोक शत्रूच्या हातात गेलं. सैन्य हलवायला उशीर झाला, आणि तो उशीर माझा आहे. गेलेल्यांची नावं आज प्रत्येक पोस्टाच्या दारावर लागतील."

बाहेर केरसुणीचा आवाज थांबला. धाकटे आत आले आणि उभ्यानं बाकीचं भाषण ऐकलं. दुपारी ते पोस्टाच्या दारापाशी गेले. यादीत पुतण्याचं नाव नव्हतं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. संशयी माणूस तो! दोन दिवस स्टेशनात जाऊन ते जखमींना विचारत राहिले, तुमच्या तुकडीतलं कोण कोण गेलं? जखमींनी सांगितलेलं एक-एक नाव यादीत निघालं. एकही लपवलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी तोफांचे आवाज गावात पोचले. लोकांनी हातगाड्या, बैलगाड्या, मिळेल ते भरायला घेतलं. गावातून बाहेर जायला एकच मोठा रस्ता होता आणि नदीवरून जखमींना आणणाऱ्या गाड्याही त्याच रस्त्यानं पुढे जात. धाकट्यांनीही हातगाडी आणली. तिच्यावर गाद्या आणि आईची खुर्ची चढवली आणि मग ते माझ्याकडे आले. "ही मागं ठेवणार नाही," म्हणत त्यांनी माझे स्क्रू काढायला घेतले. एक निघाला. दुसरा निघाला. तिसरा गंजला होता, तोही निघाला. तेवढ्यात आठ वाजले.

"घरं सोडू नका," नेते म्हणाले. "शत्रू नदी ओलांडणार नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. दिलं तर ते खोटं ठरू शकेल. पण तुम्ही रस्त्यावर आलात तर जखमींच्या गाड्या अडतील, हे नक्की. मला तीन दिवस रस्ता मोकळा द्या."

धाकटे स्क्रू हातात धरून जमिनीवरच बसले. आई जिन्यात उभी होती, अंगावर जाड कोट चढवून.

"काय करायचं रे?" ती म्हणाली. "जायचं का राहायचं?"

मला वाटलं, आता थोरले बोलणार. नेते काही म्हणाले आणि थोरले मागं राहिले, असं कधी झालं नव्हतं. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला विचारू नकोस, आई," ते म्हणाले. "त्यानं विहिरीत उडी मार म्हटलं तरी मी मारीन. आणि माझं पोरगं नदीवर आहे. माझ्या विश्वासाला डोळे नाहीत. ह्याच्या विश्वासाला आहेत. छोट्या, तू सांग."

कित्येक वर्षांत थोरल्यांनी धाकट्या भावाला छोट्या म्हटलं नव्हतं.

धाकटे हातातल्या स्क्रूंकडे बघत होते. राहिले आणि शत्रू आला तर म्हातारी आई, वहिनी, सगळ्यांची जोखीम त्यांच्या डोक्यावर. गेले आणि रस्ता अडला तर त्या गाड्यांमध्ये कोण असेल, हे बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

"हरला त्या दिवशी हरलो म्हणाला," शेवटी ते म्हणाले. "मत मी त्याला जन्मात देणार नाही. पण गाद्या उतरवा."

त्यांनी मला घाईघाईत परत बसवलं आणि ते रस्त्यावर धावले. मी दाराकडची, मला सगळं दिसत होतं. थोरल्यांच्या बाजूचे लोक आधीच थांबले होते. गाड्या जुंपून निघाले होते ते सारे आमच्या बाकावरचे. त्यांच्यापुढे धाकटे आडवे उभे राहिले.

"तू? तू त्याचं ऐकतोस?" एकजण ओरडला.

"मला तो आवडत नाही, हे तुला माहीत आहे ना? मग मी सांगतो त्यावर विश्वास ठेव. बैल सोड. तीन दिवस!"

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर लोकांनी त्याच्या अंगावर गाडी घातली असती. पण धाकट्यांचं ऐकून पहिली गाडी वळली, मग दुसरी. दुपारपर्यंत रस्ता रिकामा झाला. तीन दिवस त्यावरून जखमींच्या गाड्या भरधाव गेल्या. शत्रू नदी ओलांडू शकला नाही.

अडीच महिन्यांनी पुतण्या कुबड्यांवर घरी आला. एक पाय गुडघ्याखाली नव्हता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, गाडी अर्धा तास उशिरा आली असती तर पायाबरोबर तूही गेला असतास. धाकट्यांनी त्याला उचलून माझ्यावर बसवलं आणि त्याची वाढलेली दाढी केली. त्या दिवशी त्यांना पट्टा दोनदा मागावा लागला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर सकाळ.

ती टिकली असती तर मी इथेच थांबले असते. पण युद्ध संपलं, पुन्हा निवडणूक झाली आणि नेते हरले. धाकट्यांनी मत त्यांच्या विरोधात दिलं होतं. ते लपवून ठेवायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

"पोरगं वाचवलं त्यानं माझं!" थोरले ओरडले. "आणि तू उपकार असे फेडलेस?"

"लढाईत त्याच्यावर भरवसा ठेवला, दादा. ठेवला की नाही? आता शाळा बांधायच्यात, दवाखाने बांधायचेत. ते त्याला जमेल असं मला वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी नवा पट्टा आणला आणि खिडकीपाशी नवा खिळा ठोकला. त्या हातोडीचा प्रत्येक घाव माझ्या पाठीत बसला. त्यानंतर दुकानात दोन पट्टे झाले आणि दोन शब्द संपले. वर्षभर दोघे भाऊ एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. म्हातारीनं जेवायला दोघांना शेजारी बसवून पाहिलं, पण घास गिळण्यापलीकडे कुणाचं तोंड उघडलं नाही.

आणि मग एका सकाळी दारात एक म्हातारा उभा राहिला. गावाबाहेर त्याची गाडी बिघडली होती आणि दुरुस्त होईपर्यंत दाढी करून घ्यावी, असा त्याचा विचार होता. परका माणूस, रीत ठाऊक नाही. तो दाराजवळच्या खुर्चीवर, म्हणजे माझ्यावर, बसला. दोघे भाऊ आरशात पाहतात तर काय? कोपऱ्यात खोचलेल्या फोटोतलेच नेते, फक्त थकलेले!

थोरल्यांच्या हातातला ब्रश खाली पडला. धाकट्यांनी शांतपणे नेत्यांच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं.

"मी तुम्हाला मत दिलं नव्हतं," ते म्हणाले. "दोन्ही वेळा."

"अस्सं?" नेत्यांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. "करा सावकाश."

वस्तरा गळ्यावरून फिरू लागला. थोड्या वेळानं नेते म्हणाले, "या गावातल्या निम्म्या लोकांनी दिलं नव्हतं. तरी तीन दिवस रस्ता मोकळा राहिला. तो कसा राहिला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही."

"ह्या माझ्या भावानं ठेवला, साहेब," थोरले म्हणाले. "गाड्या ह्यानं परत फिरवल्या. मी नाही. माझं पोरगं त्याच रस्त्यानं आलं."

धाकट्यांचा हात थांबला. नेत्यांनी डोळे उघडून आरशातून दोघा भावांकडे पाहिलं.

"पूल गेला त्या सकाळी माझ्यासमोर भाषणाचे दोन कागद होते," ते म्हणाले. "एकात पुलाचं नावही नव्हतं. माझ्या बाजूच्या लोकांनी तो कागदही मानला असता. पण तुमच्या ह्या भावासारखे निम्मे लोक उलटतपासणी करणार, हे मला माहीत होतं. त्यांच्या धाकानं मी दुसरा वाचला."

दाढी झाली, तुरटी फिरली. निघताना नेत्यांनी आरशातला फोटो पाहिला. "हा काढून टाका आता, फार तरुण दिसतो मी त्यात," म्हणाले आणि गेले.

थोरल्यांनी फोटो काढला नाही. त्यांनी खिडकीपाशी जाऊन नवा पट्टा खिळ्यावरून उतरवला आणि कपाटात टाकला. मग बहिणीपाशी येऊन, भावाकडे न बघताच त्यांनी हात पुढे केला.

"पट्टा दे."

"घे," धाकटे म्हणाले.

मित्रांनो, ते दोघे आता नाहीत. पुतण्यानं उंच स्टुलावर बसून पुष्कळ वर्षं दुकान चालवलं, पण तोही थकला. दुकान बंद झालं तेव्हा गावाच्या वाचनालयानं मला मागून नेलं. नेते बसलेली खुर्ची म्हणून माझ्याभोवती दोरी बांधली आहे आणि रोज माझी धूळ पुसतात. त्या तोफांच्या सकाळी घाईत बसवलेले स्क्रू पुढे कधी नीट आवळले नाहीत, इथेही तेच तसेच ढिले मारले, म्हणून मी अजून जरा डुगडुगते. ते तसंच राहू द्या.

पण माझी बहीण वाचनालयाच्या मागच्या अंगणात पडून आहे. तिच्यावर नेते बसले नाहीत, म्हणून तिची किंमत नाही. पावसानं तिचं चामडं फाटलंय, पाय गंजलाय. मी शंका घेणाऱ्यांची खुर्ची, ती भरवसा ठेवणाऱ्यांची. पण त्या सकाळी "तू सांग" म्हणणारा माणूस तिच्यापाशी उभा होता, हे कुणीही लिहून ठेवलेलं नाही. तुम्ही तरी लक्षात ठेवा. तिला आत आणा, तिचं चामडं शिवा आणि तिला माझ्याशेजारी, खिडकीच्या बाजूला ठेवा. आमच्या मधल्या भिंतीत एक खिळा ठोका. पट्टा पुतण्याच्या घरी आहे, मागितलात तर तो देईल. एकच आणा.