वडगावची फणी

तीस वर्षं बेळगावात रेडिएटर दुरुस्त करतोय मी, पण रेसच्या जुन्या गाडीचा रेडिएटर पहिल्यांदाच हातात आला. शिशाचा डाग देऊन गळती बंद केली. पाण्याचा पंपही नवा ओतून घेतला. घोडं अडलं ते रेडिएटरच्या पात्यांवर. कागदासारखी पातळ पाती सगळी चेपलेली, वारा शिरायला वाट न्हाय. मी स्क्रूड्रायव्हरनं एकेक उभं करत बसलो. दोन दिवसांत चार बोटं जागा सरळ झाली, त्यातली निम्मी पाती फाटली.

डबा घेऊन आलेली बायको, गुणाबाई, बघत उभी होती. वडगावच्या विणकराची लेक ती.

"अवो, ह्याला फणी लागतीय," ती म्हणाली.

"गप बस. रेडिएटर हाय ह्यो, लुगडं न्हवं."

दुसऱ्या दिवशी तिनं बापाच्या हातमागाची फणी आणली. एका अंगाची पट्टी निखळलेली, पण सुतं वेगळी ठेवणारे पोलादी दात शाबूत. ते पात्यांत बरोब्बर बसले. संध्याकाळपर्यंत सगळी पाती उभी.

गाडी कणकुंबीचा चढ चढून आली तरी तापली न्हाय. गाडीचे मालक राजकुमार खूश झाले. "अण्णा, पाती कशी सरळ केलीत?"

"आपली एक पद्धत हाय," मी म्हणालो.

मागं गुणानं रिकामा डबा उचलला.

"मग उद्याचं जेवणबी त्याच पद्धतीनं करा."