काठी म्हणते पाव टाकी

मित्रांनो, मी दांडी गावच्या किनाऱ्यावरची एक जुनी डिझेलची टाकी आहे आणि हल्ली माझ्या जिवाला चैन नाही.

माझा जन्म बोईसरच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. पिंपासारखी गोल असूनही इथे मला सिमेंटच्या ओट्यांवर आडवे निजवले. माझ्या आधीची टाकी उभी होती. खाऱ्या हवेने ती कुजली, पण डिझेल मोजायची तिची काठी शाबूत राहिली. तिच्यावर पाव, अर्धी, पाऊण अशा सारख्या अंतरावर खुणा होत्या. ती माझ्यातही नेमकी मावली, मग शंका कोण घेणार? नारळी पुनवेला बोटींबरोबर काठीलाही कुंकू लागायचे, मला मात्र कोणी विचारत नसे. शिवाय मी अर्ध्याखाली कधी उतरलेच नव्हते, आणि बरोबर अर्ध्यावर काठी खरेच बोलते; त्याच्या वर ती थोडे कमीच सांगते, म्हणून कोणाचे अडले नाही.

मागच्या महिन्यात वारा उठला आणि रामनाथच्या बोटीचे इंजिन भर समुद्रात बंद पडले. बोटीवर नीलेश होता. डिझेल वाटणाऱ्या भगवंताचा तो मुलगा. नवे डिझेल अजून यायचे होते, म्हणून मी पहिल्यांदाच अर्ध्याखाली उतरले होते. भगवंताने काठी बुडवली.

"पाव टाकी हाय. दोन बोटी सोडा, दोन बाजूंनी शोधतील."

मला ओरडावेसे वाटत होते! तेवढ्यात त्याची बारावीतली मुलगी वैष्णवी धावत आली.

"बाबा, थांब! ही टाकी आडवी हाय, हिचा तळ चिंचोळा. पातळ पातळ थर एकावर एक रचलेत असं समज. खालचे अरुंद, मधले रुंद. त्या सगळ्यांची बेरीज, आमी इंटिग्रेशन शिकतो ना, तेच. पाव उंचीला पाव डिझेल नाय, पाचवा हिस्सा पन पुरता नाय."

"काठी कदी खोटी ठरली नाय, पोरी."

"आज ठरली तर दादा अडकेल आन् शोधणारेपन. दोन बोटींना परतीचं डिझेल उरनार नाय. एकच धाड."

एकच बोट धाडायची म्हणजे अर्धा समुद्र न शोधता सोडायचा. तरी भगवंताने ऐकले. माझे पोट पार रिकामे करून कृष्णकांतची बोट एकटीच गेली. संध्याकाळी ती रामनाथच्या बोटीला ओढत किनाऱ्याला लागली. नीलेश सुखरूप होता. कृष्णकांतच्या बोटीत पेलाभर डिझेल उरले होते.

आता वैष्णवीने नवी काठी केली आहे. तिच्या खुणा तळाशी लांब लांब, मध्ये जवळ जवळ आहेत. मित्रांनो, वस्तूला नुसते कुंकू लावू नका, तिची घडणही समजून घ्या. पलीकडच्या बंदरावर माझ्यासारखीच एक आडवी टाकी आहे. तिच्यात अजून सारख्या खुणांचीच काठी बुडते. मला तर जागचे हलता येत नाही. तुमच्यापैकी कोणी आज तिकडे जाणार आहे का?