व्यवसाय : बास्केटबॉल

मी एक जुना रबरी शिक्का आहे. नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळीत देवाजींच्या दुकानात माझा जन्म झाला. त्यांनी एकेक अक्षर जुळवून साचा केला, त्यात तापलेलं रबर दाबलं आणि वर सागवानी मूठ बसवली. माझ्या अंगावर एकच शब्द होता, ‘अपात्र’.

नागपूरकडच्या कॉलेजांचे बास्केटबॉलचे सामने भरवणारं एक मंडळ आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण मी अजून त्याच्याच टेबलावर आहे. तिथले कारकून मनोहरराव माझे मालक. मित्रांनो, सुरुवातीची वर्षं मी अभिमानानं काम केलं. वय चोरणारे, दुसऱ्याच्या नावावर खेळायला आलेले, कॉलेज सोडूनही ओळखपत्र गळ्यात घालून फिरणारे, सगळ्यांच्या अर्जांवर मी उमटलो. याचा ठसा कधी पुसट येत नाही, असं मनोहरराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मैदानाची राखण मीच करतो असं मला वाटू लागलं. शिक्क्यानं स्वतःला एवढं शहाणं समजू नये.

आमच्या खिडकीखाली कोर्ट आहे. मनीषनगरची रितिका तिथे रोज सकाळी यायची. तिची आई सरिताबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवते. पोरीचा हात असा की चेंडू रिंगला न लागता जाळीतून उतरायचा, आणि तो आवाज ऐकून मनोहररावही चहाचा कप खाली ठेवायचे.

दोन वर्षांपूर्वी विदर्भातल्या सहा गावांची एक छोटी लीग निघाली. रितिका तिच्यात खेळली. मिळालं काय? बुटांची एक जोडी, दोन वेळचं जेवण आणि एसटीचं तिकीट. उद्घाटनाला गळ्यात हार घालून कोण बसलं होतं? आमच्याच मंडळाचे अध्यक्ष. रितिकाचं नाव घेऊन त्यांनी भाषणात टाळ्याही मिळवल्या.

मग तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आलं. मंडळाच्या संघात तिची निवड झाली. त्या संघातून देशपातळीवर खेळलं की प्रमाणपत्र मिळतं आणि खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरीचा अर्ज करता येतो. त्या घराची सगळी आशा त्या कागदावर होती. नेमका तेव्हाच कोणीतरी लीगचा जुना फॉर्म शोधून काढला. त्यात ‘व्यवसाय’ या रकान्यात रितिकाच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बास्केटबॉल’.

हे कळल्यावर सरिताबाई लेकीला घेऊन धावत आली. तिथं ‘विद्यार्थिनी’ लिहायचं असतं हे तिला काय माहीत?

“मीच म्हटलं तिले, दिवसभर तेच तं करून राहिली तू, मंग तेच लिही नं वं,” ती म्हणाली. “चूक माही आहे, सायेब.”

मनोहररावांनी नियमाची वही उघडली. व्यवसाय करतो तो व्यावसायिक, आणि आपली स्पर्धा हौशी खेळाडूंची, असं त्यांनी समजावलं. रितिका पुढे झाली.

“आईच्या फॉर्मवर व्यवसाय गृहिणी लिहितेत, सर,” ती म्हणाली. “मंग आईले काहून नाही कोणी व्यावसायिक म्हणत?”

मनोहररावांनी वही मिटली आणि मला उचललं. पॅडवर दाबलं आणि तिच्या अर्जावर आपटलं. ठसा नेहमीसारखाच स्वच्छ उमटला. मला माझीच किळस आली.

संघ तिच्याशिवाय गेला. कॉलेज संपलं. रितिका गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना साड्या दाखवू लागली.

आता ऐका पुढची गंमत. यंदा अध्यक्षांच्या स्वतःच्या कॉलेजचा उंचापुरा हर्षित त्याच लीगमध्ये उतरला, तोही रीतसर करार करून. पोरगा गुणी आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याच्याशिवाय अध्यक्षांचं कॉलेज जिंकणार कसं? पंधरा दिवसांत परिपत्रक निघालं : काळ बदलला आहे, यापुढे लीगचे खेळाडूही पात्र समजावेत. काळ बदलला म्हणे! रितिकाच्या वेळी तो काय झोपला होता?

हर्षितच्या अर्जावर ‘पात्र’ असा शिक्का हवा होता. नवा करायचा तर मंजुरी लागते. मनोहररावांनी दाढीचं ब्लेड घेतलं आणि माझा ‘अ’ सोलून काढला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. कागदावर डावीकडे थोडी जागा मोकळी राहिली, एवढंच.

बातमी ऐकून रितिका आली. माझा ठसा असलेल्या जुन्या अर्जाची प्रत तिनं जपून ठेवली होती. आपणही पात्र होतो एवढं लेखी द्या, असं तिनं मागितलं. परिपत्रक पुढच्यांना लागू आहे, मागच्यांना नाही, असं मनोहरराव खाली बघत म्हणाले.

“मंग तवा मी कायची अपात्र होती, सर?”

तिनं मला उचललं, पॅडवर दाबलं आणि त्या प्रतीवर ‘अपात्र’च्या खाली ‘पात्र’ उमटवलं.

“याचा काई उपयोग नाही होत वं कुठं,” मनोहरराव हळूच म्हणाले.

“मले माहीत आहे,” ती म्हणाली. तिनं कागदाची घडी घातली आणि दुकानाची वेळ झाली म्हणून निघून गेली.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणीतरी अशा टेबलामागे बसेल. माझ्या एखाद्या भावंडाला उचलण्याआधी कागद पुरता वाचा आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचं ऐकून घ्या. नियम खोटा वाटला तर तेव्हाच तोंड उघडा, आपला माणूस अडकेपर्यंत थांबू नका. माझा ‘अ’ एका मिनिटात निघाला. तो रितिकाच्या वेळी काढायला मंडळाचा हात कोणी धरला होता?