प्रसूती विभागाचं कुलूप

कॅन्ससमधल्या त्या लहानशा गावातलं वीस खाटांचं हॉस्पिटल व्हर्ना टिलटसन अकरा वर्षं चालवत होती. प्रसूती विभाग कायमच तोट्यात. त्याला पोसायच्या त्या गुडघ्यांच्या आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया. साथीच्या त्या मार्चमध्ये वरून हुकूम आला, की तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकला, खाटा मोकळ्या ठेवा. खाटा मोकळ्या झाल्या आणि मोकळ्याच राहिल्या. साथ त्या वसंतात गावापर्यंत पोचलीच नाही.

सहा आठवड्यांत पगाराचे वांधे झाले. सरकारी मदत येणार म्हणत होते, पण कधी आणि किती, कुणालाच ठाऊक नव्हतं. व्हर्नाला धीर धरवला नाही. विश्वस्तांच्या बैठकीत प्रसूती विभाग बंद करायचं तिनंच सुचवलं, आणि ते मंजूर झालं.

विभागाची मुख्य नर्स रोझलिन. व्हर्नाची दोन्ही मुलं तिच्याच हातांत जन्मलेली. व्हर्नानं तिला बोलावून सगळं सांगितलं. रोझलिन भांडली नाही.

"गुडघेवाले थांबतील गं," ती म्हणाली, "बाळं कुठली थांबायला?"

"थोड्याच महिन्यांचा प्रश्न आहे. शस्त्रक्रिया सुरू झाल्या की पहिला फोन तुला."

"शब्द नको देऊस, व्हर्ना. उगाच तुलाच जड जाईल."

विभागाला कुलूप लागल्यावर अकराव्या दिवशी मदत आली. विभाग वर्षभर चालला असता एवढी. व्हर्नानं त्याच दुपारी फोन लावला. पण रोझलिननं विचिटा शहरात नोकरी धरली होती, भाड्यानं घरही घेतलं होतं. तिच्या हाताखालच्या दोघीही गेल्या होत्या. त्यांच्या जागी यायला कुणी तयार होईना. शस्त्रक्रिया सुरू झाल्या, तर निम्मे रुग्ण भीतीनं फिरकलेच नाहीत, बाकीच्यांनी तोवर शहरातला डॉक्टर गाठला होता.

जानेवारीत एका मुलीला शहराच्या वाटेवर, नवऱ्याच्या ट्रकमध्येच बाळ झालं. अँब्युलन्सनं बाळ-बाळंतिणीला इथं आणलं. सुदैवानं दोघंही सुखरूप होती. व्हर्ना खाली भेटायला गेली.

"मी इथेच जन्मले," मुलगी म्हणाली. "आईला वाटलं होतं, माझंही इथेच होईल. का हो बंद केलंत?"

पैसे नव्हते, असं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"मी घाई केली, बाळा," व्हर्ना म्हणाली, आणि तिथंच खुर्ची ओढून बसली.