सांधा तिथेच राहील

आमच्या थॉर्नब्रिग मॉडेल रेल्वे क्लबच्या घटनेत एकोणतीस नियम आहेत. त्यांतले सव्वीस चहाबद्दल आहेत आणि एक छत्र्यांबद्दल. उरलेले दोन, नववा आणि चौदावा, माझ्या वाट्याला आले, तेही एकाच शनिवारी.

नववा सांगतो की दुसऱ्याच्या डब्याला विनापरवानगी हात लावणाऱ्याची क्लबमधून हकालपट्टी. चौदावा सांगतो की हाताने बनवलेला सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारा जोड, पास व्हायचा तर वीस मालडब्यांची गाडी त्याच्यावरून उलटी, म्हणजे इंजिनाने मागून ढकलत, प्रत्येक वाटेने गेली पाहिजे. संधी तीन, एकाच दिवशी. ओढलेली गाडी कुठूनही जाते. ढकललेली गाडी सांध्याची लायकी काढते.

मी टॅम्सिन हेग. दाताच्या कवळ्या बनवते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात न डगमगणाऱ्या वस्तू बसवायच्या आणि शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात जाऊन तेच काम रुळांवर करायचं.

क्लबने आमच्या गावचंच स्टेशन बनवलंय, १९५७ साली होतं तसं. खरं स्टेशन केव्हाच उखडलं. तिथे आता बाथरूमच्या टाइल्सचं दुकान आहे. त्या स्टेशनच्या एका बाजूला कालवा आणि दुसऱ्या बाजूला सूतगिरणी, त्यामुळे रूळ टाकणाऱ्यांनी सगळी अक्कल एकाच जागी कोंबलेली. एका वळणावर तीन वाटा फुटतात आणि चौथी त्यांना आडवी कापून जाते. असा सांधा दुकानात मिळत नाही.

"तीन साधे सांधे एकापाठोपाठ लावू," क्लबचे अध्यक्ष डेस्मंड बॅराक्लफ म्हणाले. ते निवृत्त भूगोल शिक्षक. डोंगर आपल्या परवानगीने उभे आहेत असा त्यांचा समज. "डबीतून काढायचे, लावायचे. झालं."

"पण त्यांना जागा दुप्पट लागते," मी म्हटलं. "सिग्नलची केबिन कुठे जाणार?"

"थोडी पुढे."

"पुढे कालवा आहे."

"मग थोडी कालव्यात."

सगळ्यांनी एडगर विम्पनींकडे पाहिलं. एडगर चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्या खऱ्या केबिनमध्ये त्यांनी उमेदवारीपासून शेवटची गाडी जाईपर्यंत सांधे बदलले होते. ते बिस्किट चहात बुडवून धरून बसले होते.

"मला पोहता येत नाही," ते म्हणाले आणि बिस्किट तुटून आत पडलं.

त्याच क्षणी मी सांगून टाकलं की सांधा मी बनवीन. बॅराक्लफ हसले. "पोरी, हे काम चाळीस वर्षांत कुणाला जमलं नाही."

"चाळीस वर्षांत कुणी केलंय कुठे?"

चाचणीसाठी ईस्टरच्या प्रदर्शनाआधीचा शेवटचा शनिवार ठरला. जमलं तर सांधा राहणार, नाही तर दुकानातल्या सांध्यांच्या तीन डब्या उघडणार आणि एडगरांची केबिन पाण्यात.

पाच महिने लागले. एडगर पाठकोऱ्या पाकिटांवर आठवणीतून वाटा काढून द्यायचे. त्या मी कॉम्प्युटरवर मापात बसवायची, कागदावर छापायची आणि कागदावरच स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या तांब्याचा थर दिलेल्या आडव्या पट्ट्या, चिकटवून त्यांवर रूळ सोल्डर करायची. रुळांची टोकं कवळीच्या कानशीने घासायची, ती इतकी की टोक संपतं कुठे ते फक्त बोटाला कळावं. पहिल्या खेपेला सगळं देखणं झालं, फक्त स्लीपरवरच्या तांब्याला मध्ये छेद द्यायचा विसरले. वीज या रुळातून त्या रुळात गेली आणि क्लबमधल्या सगळ्या गाड्या एकदम संपावर गेल्या. बॅराक्लफनी त्या दिवशी सगळ्यांना केक दिला. मी दोन तुकडे खाल्ले आणि घरी जाऊन त्रेसष्ट स्लीपरना छेद दिले.

अखेर तो शनिवार आला. तिन्ही डब्या टेबलावर मांडून ठेवल्या होत्या, नवरी पळून गेल्यास पर्यायी वऱ्हाड तयार असावं तशा. सेक्रेटरी ग्लेनिस वही उघडून बसली. बॅराक्लफनी शिट्टी फुंकली.

पहिल्या वाटेने गाडी गेली, दुसरीनेही गेली. तिसऱ्या वाटेवर सतरावा डबा रुळाच्या टोकावर चढला, त्याने क्षणभर विचार केला आणि तो आडवा झाला.

"पहिली संधी गेली," ग्लेनिस म्हणाली.

दुसऱ्या वेळीही तोच डबा, तीच जागा. तो होता बॅराक्लफांचा मासळी वाहणारा पितळी डबा. १९७९ साली त्याला चषक मिळाला होता आणि त्याचं मोठेपण आम्ही दर शनिवारी ऐकायचो.

"सांधा वाकडा आहे," बॅराक्लफ म्हणाले.

मी रुळांमधलं अंतर तपासायची मोजपट्टी सगळ्या वाटांवरून फिरवली. कुठे अडकली नाही. "रूळ बरोबर आहेत. डब्याच्या समोरासमोरच्या दोन चाकांमधलं अंतर मोजा. माझ्या मते ते अर्धा मिलिमीटर कमी भरेल."

या डब्याची चाकं मोजा असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी जणू त्यांच्या आईचं वजन विचारलं होतं.

"हा डबा पंचेचाळीस वर्षं धावतोय!"

"दुकानातल्या सांध्यांवरून. त्यांत एवढ्या ढिल्या फटी असतात, तिथून चहाची ट्रॉलीसुद्धा जाईल."

"मग त्या मोजपट्टीत चूक असेल."

"मोजपट्टी तुम्हीच दिलीत मला. नाताळची भेट."

बॅराक्लफनी यावर मतदान घेतलं. सात विरुद्ध चार मतांनी असं ठरलं की मोजपट्टी चुकीची आहे. ग्लेनिसने ठराव लिहून घेतला आणि खाली रेघ मारली.

"छान," मी म्हटलं. "आता पुढच्या शनिवारी सूर्य कुठून उगवावा तेही घ्या मताला."

"मिस हेग! डब्या उघडा कुणी तरी."

"तिसरी संधी बाकी आहे," एडगर म्हणाले. ते उठून उभे राहिले होते आणि यालाच बराच वेळ लागला होता. त्यांनी कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला एक कोळशाचा डबा काढला. "नियमात वीस डबे म्हटलंय. कुणाचे ते नाही म्हटलेलं."

"माझा डबा मी काढणार नाही," बॅराक्लफ म्हणाले. "आणि दुसरं कुणी काढूही शकत नाही. नियम नववा."

त्यांनी हाताची घडी घातली. एडगरनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते त्या इटुकल्या केबिनकडे पाहत होते. तिच्या खिडकीत त्यांनी स्वतःच रंगवलेला, अंगठ्याच्या नखाएवढा माणूस बसला होता.

मी चिमटा घेतला, मासळीचा डबा उचलला आणि बिस्किटांच्या बशीत ठेवला.

कुणी तरी "अरे देवा" म्हणालं. एडगरनी आपला डबा रुळांवर ठेवला आणि मी गाडी ढकलली. पहिली वाट, दुसरी वाट. तिसरीवर सतरावा डबा टोकावरून गेला तेव्हा खट्‌सुद्धा वाजलं नाही. चौथी वाट झाली. वीसच्या वीस डबे उभे.

ग्लेनिसने बराच वेळ लिहिलं, मग वाचून दाखवलं. "नियम चौदाप्रमाणे सांधा मंजूर. नियम नऊप्रमाणे टॅम्सिन हेग यांची हकालपट्टी. दोन्ही आजपासून. चहा घेणारेस ना, बाई?"

"हकालपट्टी झालेल्यांना चहा मिळतो?"

"नियम बावीस. निरोपाचा कप."

बॅराक्लफ बशीतला डबा फुंकून साफ करत होते. "माफी मागितलीस तर परत घेऊ," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"चाकं मोजलीत तर मागेन."

"कदापि नाही."

"मग माझंही तेच." मी चहा संपवला, कप धुतला आणि निघाले.

ईस्टरला मी तिकीट काढून प्रदर्शनात गेले. दोरीच्या अलीकडे, लोकांत. सांधा जागेवर होता, केबिनही. एडगरनी दोरीवरून मला ब्रश दिला, कारण जोडणीत धूळ बसली होती आणि ती साफ करणं आत कुणालाच येत नव्हतं. मी वाकून साफ केली. सभासदत्व नसलं तरी हात लांब आहेत.

तेवढ्यात मालगाडी आली आणि सांध्याआधी थांबली. बॅराक्लफ पुढे झाले. त्यांनी मासळीचा डबा दोन्ही हातांनी उचलला, मिरवत सांधा ओलांडला आणि पलीकडे रुळांवर अलगद ठेवला. गाडी डब्याविना सांध्यावरून गेली आणि पलीकडे त्याला जोडून पुढे निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

हे दर अकरा मिनिटांनी होत होतं, दोन दिवस. दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला त्यांची कंबर धरली होती.

"मोजपट्टी देऊ?" मी दोरीच्या अलीकडूनच विचारलं.

"ती चुकीची आहे," ते म्हणाले आणि डबा उचलायला वाकले.