आजाऱ्याशी भांडण

“तुझा अली आज असता ना लिंब्या, तिसऱ्या राउंडला आडवा झाला असता,” खाटेशेजारची खुर्ची ओढून बसत महांतप्पा म्हणाला. “आताचे हेवीवेट बघ की. एकेक सव्वाशे किलोचा. तुझा अली शंभरबी भरत न्हवता.”

लिंबाजी वर पत्र्याकडे बघत पडला होता. त्याचा उजवा हात पोटावर होता, कुणीतरी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखा.

“हां, बोल. काय म्हणणं हाय तुझं?” महांतप्पानं विचारलं आणि तो थांबला. लिंबाजी पूर्वी उत्तर द्यायला जेवढा वेळ घ्यायचा, त्याच्या दुप्पट थांबला. मग स्वतःच पुढं बोलू लागला.

पोळ्याच्या सुमाराला लिंबाजीला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, शब्द आत शाबूत आहेत, बाहेर यायची वाट बुजलीय. व्यायाम करून घ्या, बोलतं करा. पण मुळात त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे. जेवढे दिवस असेच जातील, तेवढं पुढं अवघड.

आता लिंबाजीला बोलावंसं कशानं वाटतं, हे अख्ख्या ढोकी गावात महांतप्पाइतकं कुणाला माहीत असणार?

दोघंही साखर कारखान्यातले. महांतप्पा वजनकाट्यावर, लिंबाजी ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर. तरुणपणी एकदा कॉलनीच्या गणपतीत व्हिडिओवाल्यानं सिनेमाऐवजी चुकून बॉक्सिंगची कॅसेट आणली. लोक त्याला शिव्या घालत उठून गेले. हे दोघं सतरंजीवर बसून राहिले, आणि घरी जाताना रस्त्यातच त्यांचं भांडण लागलं. ते अजून मिटलेलं नव्हतं. लिंबाजी जुन्यांचा : अली, फ्रेझर, फोरमन. अलीनं फोरमनला आठव्या राउंडला पाडलं, हे तर तो झोपेतही सांगायचा. महांतप्पा नव्यांचा, म्हणजे जे ज्या वेळी नवे असतील त्यांचा. टायसन नवा होता तोवर टायसन. तो जुना झाला की महांतप्पा त्याला बिनदिक्कत लिंबाजीकडे ढकलून पुढच्या माणसाकडे जाई. सध्या त्याचा उसिक होता. दोघांपैकी एकानंही जन्मात कुणाच्या थोबाडीत मारलेली नव्हती. लिंबाजी तर घरात कोंबडी कापायची म्हटली की चपला घालून बाहेर पडायचा.

महांतप्पाचा सगळा भर वजनावर. “काटा खोटं बोलत न्हाय,” हे त्याचं म्हणणं.

“वजन ट्रॉलीला असतंय अप्पा,” लिंबाजी म्हणायचा. “वढणारं इंजिन येगळं. तुझे बारा राउंडला धापा टाकत्यात. माझे पंधरा वढायचे.”

लकवा मारायच्या आदल्या दिवशी चहाच्या हॉटेलात लिंबाजीनं त्याला पुरता अडकवला होता. “तुझा उसिक केवढ्याचा? शंभर-एकशे दोन किलो. त्यानं त्या पावणेसात फुटी फ्युरीला दोनदा हरवला. मग तेवढ्याच वजनाच्या अलीला का जमणार न्हाय?”

महांतप्पानं बशीतला चहा संपवायला उगीच वेळ लावला होता. “उद्या सांगतो,” म्हणाला होता.

आता रोज उद्या होता आणि लिंबाजी पत्र्याकडे बघत होता.

भेटायला माणसं येत. बिस्किटाचा पुडा, नाहीतर शहाळी आणत. आजाऱ्याच्या मनाविरुद्ध बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत. त्यामुळं लिंबाजीनं नुसती मान हलवली तरी सगळे “व्हय व्हय, बरोबर हाय तुमचं” म्हणत. तो काहीच म्हणत नव्हता, तरी त्याचं बरोबर असे.

त्या दिवशी लिंबाजीची थोरली बहीण आलेली होती. महांतप्पाचं बोलणं तिनं दारातूनच ऐकलं.

“आवं अप्पा, आजारी माणसाशी कुणी भांडतंय व्हय? त्याला उलटून बोलता येत न्हाय म्हणून तुमचं चाललंय. जरा तरी माया असू द्या.”

महांतप्पाला ते लागलं. निघताना दारातली वहाण सापडेना इतकं लागलं. रात्री जेवताना त्याचा घास तोंडात फिरत राहिला, तेव्हा बायको उमाबाई म्हणाली, “काय झालं?” तर म्हणाला, “भाकर जाड झालीय.”

दुसऱ्या दिवशी तो खाटेशेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “लिंब्या, तुझंच खरं हाय गड्या. जुनेच भारी. अलीसारखा न्हाय झाला कुणी.”

मनातून त्याला ते बरेच दिवस पटलेलं होतं. उसिकच्या वजनाचं उत्तर त्याला सापडलेलंच नव्हतं.

लिंबाजीनं मान वळवली. जरा वेळ महांतप्पाच्या तोंडाकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं आणि तो गेला तरी इकडं फिरवलं नाही.

दोन दिवसांनी सकाळीच लिंबाजीची बायको मथुराबाई महांतप्पाच्या दारात उभी राहिली. डोक्यावरचा पदर ओढून, नवऱ्याचा मित्र म्हणून थोडी आडोशाला. पण आवाज आडोशाला नव्हता.

“काय म्हणलाव तुमी त्यांना?”

“काय न्हाय वैनी. चांगलंच बोललो. तुझंच खरं म्हणलो.”

“तरीच.” ती उंबऱ्यावरच बसली. “पेज घेईनात, व्यायामाला हात देईनात. काल व्यायाम घेणाऱ्या पोरीनं रबरी गोळा दाबायला दिला, तर खाली टाकला.”

“मला वाटलं, बरं वाटंल.”

“गावातला जो येतोय तो व्हय व्हय करून जातोय. मयताला आल्यागत. एकटे तुमी तेवढे भांडत हुताव, म्हणून ते रोज चार वाजता दाराकडं बघत हुते. आता तुमीबी त्यांना मेल्यात जमा केलं.”

आतून उमाबाई म्हणाली, “भाकर जाड न्हवती म्हणायची तर.”

चार वाजायची वाट न बघता महांतप्पा तसाच उठला आणि मथुराबाईच्या पुढं चालू लागला.

खाटेशेजारी गेल्यावर तो खुर्चीत बसला नाही. उभा राहिला. पटलेल्या गोष्टीविरुद्ध भांडायचं, तेही मनापासून, याची त्याला सवय नव्हती.

“मी परवा म्हणलो ते इसर,” त्यानं सुरुवात केली. “तापात बोललो असंल. तुझा अली लबाड हुता. फोरमनसमोर काय केलं त्यानं? दोराला पाठ लावून उभा राहिला. भ्यालेल्या माणसागत तोंड झाकून मार खाल्ला.”

भिंतीकडची मान हलली नाही.

“त्याला काय डोकं म्हणायचं? फोरमन आपल्या आपण दमला. गरमीचा देश. पाचव्या राउंडला आपसूक खाली बसला गडी. आन् तू म्हणतोस अलीनं पाडला.”

लिंबाजीची मान वळली. त्याच्या ओठांची डावी बाजू हलू लागली. डाव्या हातानं त्यानं खाटेची कड धरली आणि अंग उचलायला लागला. अर्ध्यावर कोपर सरकलं; तो पुन्हा उशीवर आला.

मथुराबाई धावली. महांतप्पानं हात आडवा करून तिला थांबवलं.

“नका वैनी. हात लावू नका.”

“पडतील की.”

“पडू दे. उठतंय त्यो.”

आणि तो स्वतः मागं सरत गेला, पार धान्याच्या कोठीजवळच्या कोपऱ्यापर्यंत. बॉक्सिंगमध्ये खाली गेलेला उठत असला की दुसऱ्यानं लांब कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं असतं. हा नियम दोघांनाही ठाऊक होता.

लिंबाजीनं पुन्हा कड धरली. कपाळावरची शीर फुगली. पाय ओढत, खांदा भिंतीला घासत, मध्येच थांबत, तो बसता झाला. पाठ भिंतीला लागली. तोंडातून लाळ ओघळली. डाव्या हाताच्या मनगटानं त्यानं ती स्वतःच पुसली. घशात काहीतरी घरघरलं. आलं नाही. पुन्हा घरघरलं.

“आ,” तो म्हणाला. बऱ्याच वेळानं, खालून दगड ढकलावा तसं, “ठ.”

मथुराबाईनं पदर तोंडाशी नेला.

“काय?” महांतप्पानं कोपऱ्यातून विचारलं.

“आठ,” लिंबाजी म्हणाला. डाव्या हाताची चार बोटं वर केली. अंगठाही वर केला. पुढची तीन दाखवायला दुसरा हात नव्हता. त्यानं तीच मूठ मिटली आणि तीन बोटं नव्यानं उघडली.

महांतप्पाच्या डोळ्यांसमोर खोली विरघळल्यासारखी झाली. तरी तो कोपऱ्यातून हलला नाही.

“पाच,” तो ठासून म्हणाला.

लिंबाजीनं रागानं मान हलवली आणि पुन्हा तोंड उघडलं.